लखू मेस्त्रीचा चकचकीत धक्का

खाडीकाठच्या एका गावात लखू नावाचा मेस्त्री राहत होता. हात सफाईचा, पण मन सदा धास्तावलेले. कुणाला पाट करून दिला, तरी घरी परतताना त्याला वाटे, एक कड उंच तर राहिली नाही? मग तो अर्ध्या वाटेवरून मागे फिरे. लोक हसत.

गावाच्या होड्या एका लाकडी धक्क्याला लागत. पावसाळा सरला की त्याच्या फळ्या घासायच्या, मग काजूच्या टरफलांच्या तेलात तांबडी काव मिसळून ते फळ्यांना पाजायचे, अशी तिथली रीत होती. त्या वर्षी हे काम लखूकडे आले. जत्रा तोंडावर होती. जत्रेला पलीकडच्या तीरावरून देवीची पालखी होडीतून येई आणि याच धक्क्यावर उतरे. पालखी वाहणारे अनवाणी असत. होडीत चढता-उतरताना त्यांचे पाय भिजत.

अनवाणी पायात लाकडाचा सल शिरला तर? या एका विचाराने लखू फळ्या घासत राहिला. जाड काचकागद झाला, बारीक झाला, तरी त्याचे समाधान होईना.

होडीवरचा भिवा तांडेल म्हणाला, “मेस्त्री, यावर माणसं चालायची आहेत. यात तोंड नाही बघायचं कुणाला.”

लखू थांबला नाही. घासून घासून लाकडाची छिद्रे बुजली. मग लावलेले तेल आत मुरलेच नाही. ते वरच्या वर साय धरल्यासारखे सुकले आणि धक्का तांबडा लाल चमकू लागला. सारे गाव बघायला आले.

गावचे प्रमुख, गावकर, म्हणाले, “लखू, पंचक्रोशीत असा धक्का नाही.”

लखूने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या कामाचे कौतुक खरे मानले.

जत्रेच्या आदल्या दुपारी तो तेल सगळीकडे पुरते सुकले का ते पाहायला गेला. ओहोटी होती. फळ्यांची खालची बाजू पाहून पाण्यातून वर चढताना त्याने फळीवर ओले पाऊल ठेवले आणि तो धाडकन आडवा झाला. कोपर सोलवटले. उठून त्याने खांब धरला आणि पुन्हा पाऊल टाकले. पुन्हा घसरले. उद्या चौघांच्या खांद्यावर पालखी असेल, दोन्ही हात दांडीला असतील. धक्क्याखाली काळे खडक उघडे पडले होते.

तो तसाच गावकरांकडे गेला. “धक्का निसरडा झालाय. चूक माझी आहे. वरचा थर खरवडायला हवा.”

“परवा तुला देवळाचं दार तिरकं दिसत होतं.”

“ते तिरकं नव्हतं, गावकर.”

“मीही तेच म्हणतोय. उद्या चार गावचे पाहुणे येणार आहेत. धक्क्याला हात लावू नकोस. घरी जा आणि स्वस्थ पड.”

लखू निघाला. वाटेत त्याला बरे वाटू लागले. आपल्याला तर सगळेच वाकडे दिसते. गावकर म्हणतात तेच खरे असेल. आणि कुणी पडलेच, तर म्हणता येईल, मी सांगितले होते.

इथे त्याचे पाय थबकले. ही समजूत इतकी सोयीची होती, की त्याला तिचीच भीती वाटली.

त्याने घरून करवत आणली आणि तिचे दात फळ्यांवर आडवे ओढायला सुरुवात केली. तांबड्या चमकेवर पांढरे ओरखडे उठू लागले. माणसे जमली.

“मेस्त्री, मांजरं झुंजवलीत की काय इथं?” कुणी विचारले.

“आता देवळाचं दारपण खरवडून टाका,” दुसरा म्हणाला.

गावकर आले. त्यांनी पाहिले आणि पाठ फिरवली. दिवेलागणीपर्यंत धक्क्याची रया गेली होती.

सकाळी पालखी आली. सगळे देवीकडे पाहत होते. लखू मात्र पायांकडे पाहत होता. ओले पाऊल फळीवर पडले. टेकले. दुसरे पडले. तेही टेकले. ढोल वाजत पालखी पुढे गेली.

गावकर मागे राहिले. “पाहिलंस? कुणी पडलं नाही. उगाच वाटोळं केलंस धक्क्याचं.”

खरवडले नसते तर कुणी पडले असते की नाही, हे आता त्यालाही कधी कळणार नव्हते.

“असेलही, गावकर,” तो म्हणाला. मग खाली वाकून त्याने फळ्यांवरून तळहात फिरवला. कडेची एक फळी अजून हाताला गुळगुळीत लागत होती. पालखी संध्याकाळी याच वाटेने परतायची होती. लखू करवत आणायला घराकडे निघाला.

तात्पर्य: ‘मी उगाच घाबरतो’ असे म्हणून दिसलेल्या चुकीकडे डोळेझाक करू नये. टळलेला अपघात कुणालाच दिसत नाही. म्हणून दुसऱ्याचा जीव राखणाऱ्याने आपण बरोबर ठरण्याची वाट पाहू नये.