नियम कोणी सांगायचे?

मिरजेत दस्तगीरचाचांच्या सतारीच्या कारखान्यात घरातल्या तीन पिढ्या राबायच्या. रोजचे वाद मिटावेत म्हणून एकदा सगळे नियम लिहायला बसले. पुतणसून रुबिना काही सुचवू लागली, तोच चाचा म्हणाले, "परवा सतारीचा भोपळा तूच फोडलास ना? ज्याच्या हातून कधीच काही बिघडलं नाही, त्यानंच नियम सांगावेत."

"बरं," म्हणून रुबिना आत गेली. ही आता काय करते, म्हणून सगळे दाराकडे बघत राहिले. तिनं आपली सहा महिन्यांची लेक आणून चाचांच्या मांडीवर ठेवली.

"चाचा, घरात असं माणूस एवढंच आहे. विचारा तिला."

चाचा हसले. "लिही पहिला नियम. ज्याच्या हातून बिघडलं, त्यानं आधी बोलायचं."

आणि सगळ्यांत आधी चाचाच बोलू लागले.