ठकू मुंगीची वाट

माणसांनी चाक बनवलं, त्याच्याही आधीची गोष्ट. एका बांधावरच्या वारुळात वाटा अरुंद होत्या. समोरून आलेल्या मुंगीच्या मिशांना मिशा लावल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही. तेवढ्यात कुठे काय खायला सापडलंय, ते सगळ्यांना कळायचं.

मग चार शेणकिडे राहायला आले. त्यांचे शेणाचे गोळे अडकायला लागले, म्हणून राणीने खोल्या पाडून वाटा रुंद केल्या. गोळे सुसाट सुटले आणि मुंग्या जीव मुठीत धरून भिंतीच्या कडेने चालू लागल्या.

एकदा ठकू मुंगीला मधाच्या पोळ्याचा तुकडा सापडला. ती धावत आली, पण दिवसभरात तिला मिशा लावायला कुणी थांबलंच नाही. इकडे वारूळ उपाशी! चिडलेली ठकू वाटेत वाळूचे कण रचत सुटली.

"अगं, गोळे कसे जाणार?" राणी तिच्या अंगावर धावून आली.

"गोळे बाहेर ठेवून शेणकिड्यांनी चालत यावं, राणीसाहेब. त्यांनाही पाय आहेत!"

राणी तिला ढकलायला पुढे झाली. पण वाट आता इतकी अरुंद होती, की दोघींच्या मिशा एकमेकींना लागल्या.

राणी थबकली. मग मागे वळून ओरडली, "मध बांधाखाली आहे! आणि येताना वाळू आणा!"