दिवाणांपेक्षा भाग्यवान

कर्डे संस्थानच्या दिवाणांना आपल्याहून शहाणा माणूस ठाऊकच नव्हता. मुलींचा इंग्रजीचा वर्ग बंद करायचा, असं ठरवूनच ते शाळेत आले.

"तुलना शिकवलीत म्हणे, मास्तरीणबाई! मग 'दॅन' आणि 'बिकॉज' घालून एखादीनं एकाच वाक्यात तुमची नि माझी तुलना करावी. चुकली, तर उद्यापासून वर्गाला कुलूप."

मास्तरीण अंबूबाईंना पेच पडला. बाई मोठ्या म्हणावं तर दिवाण चिडणार. दिवाण मोठे म्हणावं तर 'मग या बाई हव्यात कशाला?' म्हणणार.

कासारांची तुळसा उठली आणि न अडखळता इंग्रजीत म्हणाली, "आमच्या बाई दिवाणसाहेबांपेक्षा भाग्यवान आहेत, कारण त्यांना आज स्वतःपेक्षा मोठा माणूस भेटला."

"म्हणजे मी कमनशिबी?"

"साहेबांना असा कुणी भेटला असेल, तर वाक्य चुकलं म्हणा."

आता पेच दिवाणांचा होता. भेटला म्हणावं तर मोठेपणा जात होता, नाही म्हणावं तर पोरगी खरी ठरत होती.

"चालू द्या वर्ग," म्हणत ते निघाले.

अंबूबाई तुळसाकडे बघतच राहिल्या. व्याकरण त्यांनी शिकवलं होतं. हे कुणी शिकवलं?