दोन सेल, एक दिवा

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूंसाठी भेटवस्तू घेऊन गेली आणि ती भेटवस्तू गुरूंना पसंत पडली नाही म्हणूनच शहाणी होऊन परत आली.

शिष्येचं नाव शरयू. शहरात तिचा गाण्याचा क्लास उत्तम चालला होता. तिच्या गुरूंना सगळं गाव ‘बुवा’ म्हणे. बुवांनी शिकवणं थांबवून बरीच वर्षं लोटली होती. आता त्यांच्या सोबतीला होता एक लहानसा रेडिओ, आणि तो जन्माचा खादाड. शरयूच्या लहानपणी बुवा त्याचे संपत आलेले सेल गच्चीत कुरडयांच्या शेजारी उन्हात ठेवायचे. तापलेले सेल परत घातले की संध्याकाळचं एखादं गाणं कसंबसं पदरात पडायचं. गाणं रंगात यावं आणि आवाज बारीक होत जावा, हे ठरलेलंच. मग साऱ्या मुली रेडिओला कान लावून बसायच्या आणि बुवा कोणाला हलूसुद्धा द्यायचे नाहीत. त्या गच्चीची आठवण झाली की शरयूला अजूनही भरून यायचं.

म्हणून तिने बुवांसाठी पुन्हा पुन्हा भरता येणारे सेल आणि एक झटपट चार्जर घेतला होता. पण ती गेली होती ते काही केवळ सेल द्यायला नव्हे.

शरयूला बारा वर्षांच्या दोन जुळ्या मुली होत्या, रेवा आणि नीरा. रेवाला एकदा ऐकलं की यायचं. नीराला वेळ लागायचा. आईने दोघींत भेद करू नये, म्हणून शरयूचा नियम होता की दोघींनी एकत्र बसायचं आणि एकत्रच उठायचं. नीराला सरावाचा एखादा स्वर-पलटा येईपर्यंत रेवानेही तोच घोटायचा. क्लासमध्ये या नियमाचं कौतुक होई. आणि आता महिनाभर रेवा गात नव्हती. बसायची, ओठ हलवायची, पण आवाज काढायची नाही. डॉक्टरांनी घसा तपासून काही झालेलं नाही म्हणून सांगितलं. आपल्याच हाताने आपण पोरीचं गाणं घालवलं की काय, या धास्तीने शरयूने गावची वाट धरली होती.

बुवांना मात्र तिने एवढंच सांगितलं, “रेवा फार हट्टी झालीय हो. जरा समजावा तिला.”

चष्मा लावून बुवा चार्जर निरखत बसले होते.

“यात सेल किती बसतात गं?”

“दोन.”

“आणि दिवा?”

“एकच आहे.”

“अस्सं,” म्हणत बुवा उठले. फळीवरच्या डब्यातून त्यांनी एक सेल काढला, दुसरा रेडिओतून काढला, आणि दोन्ही त्या नव्या चार्जरमध्ये घालून बटण दाबलं. लाल दिवा लागला.

शरयू गोंधळली. “बुवा, डब्यातला सेलही संपलेला आहे का?”

“छे, काठोकाठ भरलेला आहे. रेडिओतला रिकामा.”

“मग भरलेला कशाला घातलात?”

“तू आधी चहा टाक. आलं घाल भरपूर.”

म्हातारपणी माणसं जरा विक्षिप्त होतात, असं मनाशी म्हणत शरयूने चहा केला. चहा झाला, गावातल्या चार खबरा झाल्या, कोण गेलं आणि कोणाचं घर विकलं तेही झालं. मग बुवांनी बटण बंद केलं आणि दोन्ही सेल काढून तिच्या तळहातांवर ठेवले.

“अगं बाई!” शरयूने डावा हात झटकला आणि सेल सतरंजीवर पडला. “चटका बसला!”

“आणि उजवा?”

“हा थंडच आहे. कोमट म्हणा फार तर.”

“डावा भरलेला होता, उजवा रिकामा. अन् दिवा काय म्हणत होता?”

“लालच होता. म्हणजे, अजून भरायचंय म्हणत होता.”

“कोणाचं भरायचंय?”

शरयूने सतरंजीवर पडलेल्या सेलकडे पाहिलं.

“हा चार्जर दुष्ट नाही, शरयू,” बुवा म्हणाले. “उलट मोठा न्यायी आहे बिचारा. दोघांना एका रांगेत बसवतो आणि सारखंच वाढतो. पण कोणाचं पोट भरलं, हे तो विचारत नाही. ज्याचं भरलंय तो आतून तापत राहतो. असं रोज झालं की तो पुढे काही धरूनच ठेवत नाही. आणि रिकाम्याचं अजून व्हायचं असतं, त्याला उगीच वाटतं आपल्यामुळे खोळंबा झाला.” मग त्यांनी उशाशी ठेवलेला आपला चार्जर पुढे केला. “हा पुतण्याने या सेलांबरोबरच आणला. चार घरं, चार दिवे. ज्याचं भरलं त्याचा दिवा जातो, बाकीच्यांचं चालू राहतं. घेताना दोनच गोष्टी पाहायच्या. सेलवर जी जात लिहिलेली असते, तिचाच चार्जर आहे ना. आणि प्रत्येक घराला स्वतःचा दिवा आहे ना. साधे सेल मात्र यात घालायचे नाहीत कधी, फुटतील. त्यांना आपलं गच्चीतलं ऊनच बरं.”

बुवा हसले. शरयूला हसू येईना. डोळे पुसून तिने विचारलं, “म्हणून का हो तुम्ही मला लवकर घरी पाठवायचात? माझ्याबरोबर शिकणाऱ्या कुमुदला दिवेलागणीपर्यंत बसवायचात आणि मला म्हणायचात, ऊठ, जा आता. मला वाटायचं, मी तुम्हाला आवडतच नाही. रडत जायचे मी घाटावरून.”

“ठाऊक आहे. खिडकीतून दिसायचीस.”

“मग परत बोलावलं का नाहीत?”

“रडत जायचीस खरी,” बुवा हळूच म्हणाले, “पण रडता रडता तीच तान घोळवत जायचीस. बोलावलं असतं तर ती तान माझीच राहिली असती.”

शरयूने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पुष्कळ वेळ उचललं नाही. इतक्या वर्षांचा रुसवा होता तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मुली समोर बसल्या. थोड्या वेळाने शरयू रेवाला म्हणाली, “तू ऊठ बाळा. हे तुला येतं.”

रेवा घाबरली. “माझं काही चुकलं का?”

“नाही गं.”

रेवा फुरंगटून आत गेली. नीरा एकटी उरली आणि तिसऱ्या खेपेला तिने पलटा स्वच्छ घेतला. शरयू थक्क झाली. “अगं, आज कसा जमला?”

“आज रेवा माझ्यासाठी थांबलेली नव्हती ना,” नीरा म्हणाली.

शरयूला स्वतःची लाज वाटली. दोघींवर अन्याय नको म्हणून केलेल्या नियमाने तिने दोघींनाही छळलं होतं.

पुढे कितीतरी दिवस रेवाच्या तोंडून सूर निघाला नाही. शरयूने विचारलं नाही, पण कान सतत आतल्या खोलीकडे असायचे. मग एका दुपारी ती तांदूळ निवडत बसली असताना गॅलरीतून आवाज आला. रेवा वाळलेले कपडे काढत होती आणि तिच्या तोंडी कोणी न शिकवलेली एक तान होती. नीराने आईकडे पाहिलं. शरयू उठायला गेली आणि पुन्हा खाली बसली.

तान मध्येच चुकली. रेवाने ती पुन्हा पहिल्यापासून घेतली, आणि पुन्हा तिथेच चुकली. शरयू तांदूळ निवडत राहिली.