एकटीचा अंतरपाट

“पण बुवा, नवरीच्या डोक्यावरून पाणी घातलंच पाहिजे, असं कुठं लिहिलंय का?”

बुवा मठाच्या ओट्यावर बसून आपली छाटी पिळत होते. त्यांनी पीळ दिला, पाणी गळू दिलं, पुन्हा पीळ दिला.

हेमांगीनं ओढणी सारखी केली आणि वाट बघितली. वाट बघायची तिला सवय नव्हती.

मार्गशीर्षातली सकाळ होती. नदीवर असं धुकं उतरलं होतं की घाट दिसत नव्हता, पैलतीर दिसत नव्हता, खाली पाणी आहे हेसुद्धा नुसतं ऐकू येत होतं. मठाचा ओटा तेवढा शिल्लक होता आणि ओट्यावर ही दोघं. बाकीचं जग अजून उठलंच नव्हतं म्हणा ना.

ही हेमांगी नवऱ्या सजवायची. मिरजेच्या आसपास कुठं लग्न ठरलं की मुलीची आई आधी कार्यालय बघायची आणि मग हेमांगीला फोन करायची. काही जणी तर आधी हेमांगीची तारीख घ्यायच्या आणि मग कार्यालयाची. नऊवारी तिनं नेसवावी, नथ तिनं निवडावी, मुंडावळ्या तिनं बांधाव्यात. आणि खोपा? खोपा तर तिनंच घालावा. तिनं घातलेला खोपा वरात घरी पोचेपर्यंत हलत नाही, असं बायका सांगायच्या. हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्यासारखं दाखवण्याच्या भानगडीत ती कधी पडली नाही.

आता तिचं स्वतःचं लग्न होतं. माघात.

मुलगा विश्वजीत. त्याच्या घरी बुवांचा शब्द चालायचा. त्याची आई हेमांगीला म्हणाली होती, “आमच्यात मुलाची उष्टी हळद मुलीला लागते. मग पाच जणी मिळून तिला पाटावर बसवून डोक्यावरून न्हाऊ घालतात. त्याशिवाय आमच्यात मुलगी नवरी होत नाही बघ. आता बुवाच नको म्हणाले, तर गोष्ट वेगळी.”

म्हणून ती आली होती. बुवांकडून ‘नको’ घेऊन जायला.

“हल्ली फुलांची हळद करतात,” ती म्हणाली. “हळद गालाला नुसती टेकवायची आणि वरून झेंडूच्या पाकळ्या टाकायच्या. दिसतंही छान. मी कितीतरी जणींची केलीय.”

“बरं.”

“आणि थंडीचे दिवस. न्हाणं म्हटलं की सर्दी आली, मेकअपला उशीर आला...”

“बरं.”

हे ‘बरं’ कुठल्या बाजूचं, ते तिला कळेना.

खरं कारण निराळंच होतं. ते तिच्या आईला ठाऊक होतं, आणि आई म्हणाली होती, आधी अक्षता पडू देत, मग बघू. हेमांगीच्या डोक्यावर केस नव्हते. चाई पडायला लागली ती आधी कानामागे रुपयाएवढी. मग टाळूवर. मग एके दिवशी तिनं डोक्यावरून फणी फिरवली आणि उरलेलं सगळं फणीतच आलं. औषधं झाली, तेलं झाली, नवस झाले. आता डोक्यावर होता तो टोप होता, पाठीवर रुळणाऱ्या दाट काळ्या केसांचा. दुसऱ्यांचे खोपे घालणारे तिचे हात, त्यामुळं टोप बसवण्यातही असे पटाईत, की शेजारणीलासुद्धा पत्ता नव्हता.

विश्वजीत तिला बघायला आला, तेव्हा पोह्यांची बशी हातात तशीच धरून म्हणाला होता, “तुमचे केस फार सुंदर आहेत.”

आणि हिनं ‘थँक्यू’ म्हटलं होतं. तिथंच सगळा घोटाळा झाला.

तेव्हापासून ती त्याच्या गाडीवर बसली नाही, कारण वारा. त्याच्याशेजारी फार जवळ बसली नाही, कारण त्याचा हात. तो भेटायला येतो म्हणाला की हिला नेमकी कुणाची तरी नवरी सजवायची असायची. शेवटी परवा तो फोनवर अगदी हळू आवाजात म्हणाला, “हेमांगी, तुला हे लग्न नको असेल तर मला सरळ सांग. घरच्यांचं मी बघून घेईन.”

फोन ठेवून ती रडली होती. कारण तिला ते लग्न हवं होतं. त्याचं ते हळू बोलणंसुद्धा हवं होतं. पण केस नसलेली बायको त्याला हवी असेल का, हे विचारायची तिची छाती होत नव्हती.

“बुवा...”

“सोड की,” बुवा म्हणाले.

“काय?”

“न्हाणं. सोड. मी सांगतो विश्वजीतच्या आईला.”

इतकं सोपं असेल, असं तिला वाटलंच नव्हतं. ती घरून निघाल्यापासून मनातल्या मनात बुवांशी वाद घालत आली होती, आणि आता त्या सगळ्या वादाचं करायचं काय, ते तिला सुचेना.

“म्हणजे... चालेल?”

“नदी वाहतेच आहे. तू डोक्यावर पाणी घेतलं नाहीस म्हणून काही तुंबणार नाही. आणखी काय काय सोडायचंय?”

“आणखी काही नाही. बाकी सगळं रीतसर. अगदी जुन्या पद्धतीनं.” तिला आता हुरूप आला. “तुम्ही आमचा अंतरपाट बघा एकदा. पांढरं रेशीम, कुंकवाच्या रंगाचं स्वस्तिक आणि काठाला मोर. भरतकामवाल्याकडून तीनदा उसवून घेतलाय मी. फोटो सगळे त्याचेच येतात ना. एका बाजूला नवरा, एका बाजूला नवरी, आणि मध्ये तो. तो नीट ताणलेला नसेल तर सगळा मांडव फुकट.”

“तुला येतो धरता?”

हेमांगी हसली. “बुवा, मी मुलींना सजवून उभी करते तिथं. धरणाऱ्यांना दर वेळी मीच सांगते, हात खाली आणू नका म्हणून.”

“दाखव बरं.”

बुवांनी पिळलेली छाटी झटकली आणि तिच्यापुढं केली. भगवी, विरलेली, आणि अजून चांगली ओली.

“ही?”

“धुतलेली आहे.”

तिनं छाटी घेतली. एक टोक धरलं आणि दुसरं त्यांच्याकडं केलं. “तुम्ही तिकडून धरा.”

“मी कसा धरणार? मी नवरा.”

“तुम्ही?”

“पूर्वी लोकांची पुष्कळ लग्नं लावली. एकदा बघू दे की मला पलीकडून.” असं म्हणून बुवा खरोखरच उठले, धोतराचा सोगा खोचला आणि तिच्यासमोर दोन हातांवर येऊन उभे राहिले. डोकं तुळतुळीत, त्यावर धुक्याचे बारीक थेंब. पुरुषांचं बरं असतं, हेमांगीच्या मनात आलं, तुळतुळीत केलं की साधू.

“मग दुसरं टोक कोण धरणार? अंतरपाटाला दोन माणसं लागतात.”

“इथं आहे कोण? धर तूच. सगळं एकटीच करतेस ना तू?”

बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते तिला लागलं. तिनं दोन्ही हात पसरले, दोन्ही टोकं दोन मुठींत घेतली आणि छाटी डोक्याइतकी वर धरली.

बुवा दिसेनासे झाले.

समोर फक्त भगवं कापड राहिलं. त्याच्या विरलेल्या धाग्यांतून उजेड येत होता, आणि मागून, बाजूनं, सगळीकडून धुकं. पलीकडून बुवांनी मंगलाष्टक सुरू केलं. आवाज थकलेला, मधूनच फाटणारा, पण चालीत कुठं उणं नाही. एकेक ओळ धुक्यात जाई आणि बराच वेळ तिथंच राही. सावधान... म्हणून ते थांबत, आणि नदीचा आवाज ऐकू येई. पुन्हा सुरू करत.

हेमांगीला कसंतरीच झालं. तिनं सजवलेल्या साऱ्या मुली तिला आठवायला लागल्या. अशाच उभ्या असायच्या, मान खाली घालून, हातात हार धरून. ती मागं उभी राहून त्यांचे खोपे बघायची. खोपा ठीक बसलाय ना, गजरा सुटत नाही ना. त्यांचे चेहरे तिनं कधी बघितलेच नव्हते. त्या वेळी त्या काय बघत असतील? तेच पांढरं कापड. त्याच्या पलीकडं एक माणूस आहे आणि आत्ता, या क्षणी, तो दिसणार आहे... त्यांना भीती वाटत असेल का? आपल्याला वाटते आहे तेवढी?

ओल्या छाटीचं पाणी मनगटांवरून कोपरापर्यंत आलं. खांदे भरून आले. तिनं हात खाली आणले नाहीत. दुसऱ्यांना सांगत आली होती ना जन्मभर.

सावधान...

“बुवा,” ती कापडाला म्हणाली.

पलीकडचा आवाज थांबला.

“माझ्या डोक्यावर केस नाहीत.”

बोलून झालं. समोर कुणी दिसत नव्हतं म्हणून बोलून झालं. बुवांचा चेहरा समोर असता, तर तिच्या तोंडून हे सात जन्मांत निघालं नसतं.

“हा टोप आहे. सगळे गेले. भुवया पण मी काढते रोज. रंगानं...”

पलीकडून प्रश्न आला.

“न्हाणं म्हणून नको होतं?”

“हो.”

“विश्वजीतला ठाऊक आहे?”

“नाही. त्याला माझे केस आवडले होते, बुवा. तो तेवढंच म्हणाला होता पहिल्यांदा. आता काय सांगू त्याला? सांगितलं आणि गेला तर?”

तिनं निसटती टोकं पुन्हा मुठींत घट्ट केली.

“आई म्हणते, लग्न झालं की सांगू. मग काय करणार आहे तो.”

पुढचंही तिनं स्वतःच बोलून टाकलं.

“तुम्ही आता म्हणाल, न्हाणं घालूनच घे.”

“छे. एकदा सोड म्हटलं ते सोड म्हटलं. विश्वजीतच्या आईला आजच निरोप धाडतो.”

तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायलाही येईना. नाकावरून ओघळून ओठांवर आलं तरी ती तशीच उभी. केवढी ती नवऱ्या सजवणारी, आणि स्वतःचं नाक पुसायची चोरी.

कापडापलीकडून बुवांनी पुन्हा सुरुवात केली. आता शेवटचं कडवं होतं. हे लग्नघरात वाढलेल्या कुणालाही कळतं. आवाज चढत गेला, लोक अक्षता मुठीत घट्ट धरतात तिथं आला, वाजंत्रीवाले सनई तोंडाला लावतात तिथं आला...

सावधान...

मग काहीच नाही. नदीसुद्धा थांबल्यासारखी झाली.

“संपलं,” बुवा म्हणाले. “घाल हार.”

“कुठाय हार?”

“देवासमोरचा आणलाय मी. हा घे.”

छाटीच्या वरच्या काठावरून झेंडूची पिवळी माळ तिच्या बाजूला आली आणि तिच्या नाकासमोर लोंबत राहिली. कालचीच असावी, पण वास ताजा होता.

हेमांगीनं माळेकडं बघितलं. आपल्या उजव्या मुठीकडं बघितलं, मग डाव्या. दोन्ही मुठी पांढऱ्या पडल्या होत्या.

“बुवा... कशी घेऊ? हात कुठं मोकळे आहेत माझे?”

“तेच बघतोय,” कापडाच्या पलीकडून बुवा हळूच म्हणाले. “आणि तो बिचारा इकडं मघापासून मान वाकवून उभा आहे.”