टिकलीचा खडा बाओत पडला

एक होती मुंगी. तिचं नाव टिकली.
टिकली केवढी? तिळाएवढी.
टिकलीचा राग केवढा? भोपळ्याएवढा!

एकदा काय झालं, थंडगार सकाळी टिकलीला गुळाचा खडा सापडला. चिकट चिकट. गोड गोड. तिच्या डोक्यापेक्षा मोठ्ठा! टिकलीने तो उचलला. हेंऽऽहो! डोक्यावर घेतला. आणि निघाली घरी. तुरुतुरु तुरुतुरु.

वाटेत होती फळी. फळीखाली होती कढई. कढईतून येत होता वास. आहाहा! टिकलीने जरा वाकून बघितलं. जरा आणखी वाकून बघितलं.

टुपुक!

खडा पडला कढईत. गेला, गेला, गेला!

कढईत होतं सारण. लाल चवळी शिजवलेली, वाटलेली, गूळ घातलेली. कालिंदीमावशी सारण घोटत होती. घर्र घर्र, घर्र घर्र.

"मावशी, मावशी, माझा खडा दे!"

"कुठला गं खडा?"

"आत्ता पडला तो!"

"अगं बाई! तो तर विरघळला की!"

टिकलीला रडूच आलं. "आता मी घरी काय नेऊ? सगळे वाट बघतायत. सगळ्यांना भूक लागलीय!"

"रडू नको गं टिकले," मावशी म्हणाली. "मी बाओ करतेय. बाओ ठाऊक आहे ना? चीनमध्ये करतात. वाफवलेला, पांढरा, उशीसारखा मऊ. पोटात गोड सारण. बाओ झाले, की पहिला तुझा!"

"मग कर ना!"

"कशी करू? पीठच फुगेना! मोदकाची उकड कशी, मळली की लगेच मोदक. हे मेलं हटून बसलंय. मघाशी एक तसाच वाफवला. हा बघ."

मावशीने तो ओट्यावर टाकला. टण्ण!

बाओ कसला? गोटा होता गोटा!

"आणि मला इथून हलता येत नाही," मावशी म्हणाली. "घोटायचं थांबले, की सारण करपलंच. तूच जा बाई. पिठाला समजाव."

निघाली टिकली. तुरुतुरु तुरुतुरु.

पीठ बसलं होतं परातीत. चपटं आणि गप्प.

"पिठा, पिठा, फूग ना!
बाओ होईना,
माझ्या खड्याचं काय?"

पीठ म्हणालं, "मी काय मोदक आहे, झटपट व्हायला? मी बाओ! मला आधी झोप लागते. उबेतली झोप. दुलई मिळाली, तर फुगेन. नाही तर नाही!"

निघाली टिकली. तुरुतुरु तुरुतुरु.

दुलई होती पलंगावर. फुलाफुलांची आणि जाडजूड.

"दुलई, दुलई, सूट ना!
पीठ फुगेना,
बाओ होईना,
माझ्या खड्याचं काय?"

दुलई म्हणाली, "कशी सुटू? तात्याआजोबांनी मला गच्च गुंडाळून घेतलंय. आजोबा उठले, तर सुटेन. नाही तर नाही!"

टिकली चढली आजोबांच्या नाकावर. आजोबा घोरत होते. घुर्रर्र... फुस्स! घुर्रर्र... फुस्स! प्रत्येक फुस्सला टिकली उडता उडता राहिली.

"आजोबा, आजोबा, उठा ना!
दुलई सुटेना,
पीठ फुगेना,
बाओ होईना,
माझ्या खड्याचं काय?"

आजोबांनी एक डोळा उघडला. "चहा झाला का?"

"नाही."

"मग सकाळ झालेली नाही. चहा आला, तर उठेन. नाही तर नाही!" आणि डोळा मिटला. घुर्रर्र... फुस्स!

निघाली टिकली. तुरुतुरु तुरुतुरु.

चहा होता शेगडीवर. काळाकुट्ट आणि रुसलेला.

"चहा, चहा, उकळ ना!
आजोबा उठेनात,
दुलई सुटेना,
पीठ फुगेना,
बाओ होईना,
माझ्या खड्याचं काय?"

चहा म्हणाला, "अगं, मी नुसतं पाणी आणि पत्ती! बिनदुधाचा चहा या घरात कोणी पितं का? दूध आलं, तर उकळेन. नाही तर नाही!"

निघाली टिकली. तुरुतुरु तुरुतुरु.

दूध होतं पातेल्यात. पातेल्यावर होतं झाकण. टिकलीने झाकणाला कान लावला.

"दुधा, दुधा, ये ना!
चहा उकळेना,
आजोबा उठेनात,
दुलई सुटेना,
पीठ फुगेना,
बाओ होईना,
माझ्या खड्याचं काय?"

आतून दूध म्हणालं, "कसं येऊ? माझ्यावर झाकण. झाकणावर भुरी मांजर. भुरी हलली, तर येईन. नाही तर नाही!"

टिकलीने वर बघितलं. झाकणावर भुरी बसली होती. झाकण होतं कोमट. भुरीला काय, आयती गादीच मिळाली होती!

"भुरी, भुरी, हल ना!
दूध येईना,
चहा उकळेना,
आजोबा उठेनात,
दुलई सुटेना,
पीठ फुगेना,
बाओ होईना,
माझ्या खड्याचं काय?"

भुरी म्हणाली, "म्यांव. माझ्या पाठीला खाज सुटलीय. पंजा पोचत नाही, नेमकी तिथेच. कोणी पाठ खाजवली, तर हलेन. नाही तर नाही!"

टिकली चढली भुरीच्या पाठीवर. खाजवलं, खाजवलं, खूप खाजवलं. पण तिळाएवढी मुंगी खाजवून खाजवून किती खाजवणार? भुरीला पत्ताच नाही!

"कोणी खाजवतंय का?" भुरीने विचारलं.

टिकली दमून खाली उतरली. निघाली पुन्हा. तुरुतुरु तुरुतुरु.

दाराशी होता झाडू. खरखरीत आणि ऐटबाज.

"झाडू, झाडू, खाजव ना!
भुरी हलेना,
दूध येईना,
चहा उकळेना,
आजोबा उठेनात,
दुलई सुटेना,
पीठ फुगेना,
बाओ होईना,
माझ्या खड्याचं काय?"

झाडू म्हणाला, "खाजवीन की! पण जाऊ कसा? ठकूने माझी शेंडी धरलीय. ठकूने सोडलं, तर खाजवीन. नाही तर नाही!"

ठकू कोण? ठकू म्हणजे मावशीचं बाळ. तिला दात दोन, आणि शब्द एक. ती बसली होती फरशीवर, पाय पसरून. झाडू घट्ट धरून.

"ठकू, ठकू, सोड ना!
झाडू खाजवेना,
भुरी हलेना,
दूध येईना,
चहा उकळेना,
आजोबा उठेनात,
दुलई सुटेना,
पीठ फुगेना,
बाओ होईना,
माझ्या खड्याचं काय?"

ठकू म्हणाली, "न्नाई!"

"बरं, तुला काय हवं?"

"न्नाई!"

"खुळखुळा हवा?"

"न्नाई!"

"मम्मम् हवं?"

"न्नाई!"

घ्या! पिठाला दुलई हवी होती. आजोबांना चहा हवा होता. ठकूला काहीच नको होतं. आता हिला काय द्यायचं, सांगा बरं?

टिकलीचे डोळे भरून आले. आणि मग तिला राग आला. भोपळ्याएवढा राग! ती चढली समोरच्या गुबगुबीत टेकडीवर आणि लागली पाय आपटायला. तिला कुठे माहीत, ती टेकडी म्हणजे ठकूच्या पायाचा तळवा!

"ठकू सोडेना!" थप थप थप.
ठकूचा अंगठा हलला.
"झाडू खाजवेना!" थप थप थप.
ठकूची बोटं हलली.
"भुरी हलेना!" थप थप थप.
ठकू म्हणाली, "खुक्."
"दूध येईना! चहा उकळेना!" थप थप थप.
ठकू म्हणाली, "खुक् खुक्."
"आजोबा उठेनात! दुलई सुटेना!" थप थप थप थप.
ठकू म्हणाली, "खी खी खी!"
"पीठ फुगेना! बाओ होईना! माझ्या खड्याचं कायऽऽऽ?" थप थप थप थप थप थप!

"खी खी खी खी! हा हा हा हा!" ठकू हसली, हसली, हसून आडवी झाली. दोन्ही हात वर! झाडू खाली! धप्प!

मग काय विचारता!

ठकूने झाडू सोडला.
झाडूने भुरीची पाठ खाजवली. खर्र खर्र, खर्र खर्र.
"अस्सं! जरा डावीकडे!" म्हणत भुरी हलली. टुण्णकन खाली!
दूध चहात आलं. सळ्ळ!
चहा उकळला. खदखद खदखद.
आजोबा उठले. फुर्रर्र! "आता कशी सकाळ झाली!"
दुलई सुटली. सर्रर्र!
आणि दुलईत शिरलं पीठ.

पीठ झोपलं. शूऽऽ! कोणी बोलायचं नाही. मावशीसुद्धा चूप. टिकलीसुद्धा चूप. ठकू तेवढी म्हणाली, "न्नाई!" पण हळूच.

दुलई जराशी वर आली.
दुलई आणखी वर आली.
पीठ फुगलं, फुगलं, फुगलं... टम्म फुगलं!

तोवर सारणही घोटून झालं होतं. मावशीने केले गोळे. गोळ्यांच्या केल्या वाट्या. वाटीत घातलं सारण. कडेने घातल्या चुण्या. मावशीचे हात मोदकाचे! प्रत्येक बाओला वर छान शेंडी आली.

पीठ ओरडलं, "मी मोदक नाही!"

"माहीत आहे रे बाबा," मावशी म्हणाली. "हाताला कुठे माहीत आहे?"

बाओ बसले मोदकपात्रात. वर झाकण. वाफ आली. फुस फुस, फुस फुस.

"झाले का?" टिकलीने विचारलं.
"झाकण उघडू नका! मी चपटं होऊन बसेन हं!" आतून पीठ ओरडलं.
"झाले का?" आजोबांनी विचारलं.
"झाकण उघडू नका! मी बसेन हं!"
मावशीचा हात झाकणाकडे गेला.
"मावशीऽऽ!"
मावशीने हात पटकन मागे घेतला.

आणि मग झाले! पांढरे, गोल, उशीसारखे मऊ. प्रत्येकाला एक शेंडी.

मावशीने पहिला बाओ फोडला, जरा फुंकला, आणि टिकलीपुढे ठेवला. "घे गं. हा तुझा."

टिकली आत शिरली. चाखून बघितलं. मिटक मिटक! मग तिने डोकं बाहेर काढलं.

"मावशी, माझा खडा सगळा यातच आहे का?"

"नाही गं. सारणात विरघळला ना तो! थोडा यात. थोडा त्यात."

"तुझ्या बाओत?"

"आहे की."

"आजोबांच्या बाओत?"

"त्यांच्याही."

टिकलीने मान वळवली. आजोबांनी तोंड उघडलं होतं. आऽऽऽ!

"थांबाऽऽऽ!"

सगळे थांबले. आजोबांचं तोंड उघडंच राहिलं.

"त्यात माझा गूळ आहे!" टिकली म्हणाली. "सगळ्यांच्या बाओत माझा गूळ आहे!"

आजोबांनी तोंड मिटलं. डोकं खाजवलं. "पोरीचं बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांनी बाओचा एक तुकडा काढला आणि टिकलीपुढे ठेवला. "घे बाई, तुझा वाटा."

मावशीने ठेवला एक तुकडा. भुरीने ठेवला एक तुकडा. तिने आधी तो चाटला होता, पण ठेवला.

राहिली ठकू. तिने बाओ दोन्ही हातांनी धरला होता. गालाला सारण. नाकाला सारण.

"ठकू, टिकलीला देतेस?" मावशीने विचारलं.

"न्नाई!"

टिकलीने ठकूकडे बघितलं. ठकूने टिकलीकडे बघितलं. इवलीशी टिकली. मोठ्ठा बाओ. ठकूने आपल्या बाओची शेंडी तोडली. टिकलीपुढे ठेवली. आणि म्हणाली, "घे."

"अगं बाई! ठकू बोलली!" मावशीने टाळ्याच वाजवल्या. ठकूला आणखी एक बाओ मिळाला.

टिकलीपुढे ढीग झाला. तिने भिंतीतल्या फटीकडे तोंड करून हाक मारली, "या रे, याऽऽ! जेवायला याऽऽ!"

आई आली, बाबा आले, आत्या आली, मामा आले, इवली इवली भावंडं आली. सगळ्या मुंग्यांची रांगच रांग! सगळ्यांनी पोटभर खाल्लं. उरलेलं उचललं आणि निघाले घरी. तुरुतुरु तुरुतुरु.

सगळ्यांच्या पुढे टिकली. आज तिच्या डोक्यावर काहीच नव्हतं. पोट मात्र एवढं भरलं होतं, की तिला नीट चालता येईना!

बाओ सरले, पोट भरलं,
सांगायचं काही नाही उरलं!