शेंदरीच्या पायाचं दुखणं

डोंगराच्या कुशीत एक वाडी होती. तिथं घरांपेक्षा झाडं जास्त आणि माणसांपेक्षा कोंबड्या जास्त. त्या वाडीच्या टोकाला, एका खोलीच्या घरात येसू नावाची आठ वर्षांची मुलगी आईबरोबर राहायची. आई दुसऱ्यांच्या खाचरात भाताची रोपं लावायला जाई. घरात चूल एक, घोंगडी एक आणि अंगणात कोंबडीही एकच. तिचं नाव शेंदरी. पिसांवर उगवत्या सूर्याचा रंग, मानेला सोनेरी झालर आणि शेपटीत दोन इवलीशी हिरवी पिसं, ऊन पडलं की लकलकणारी.

ही शेंदरी लंगडायला लागली होती. आधी थोडीशी, मग इतकी की दाणे टाकले तरी जागची हलेना. अंडी तर कधीच बंद झाली होती. येसू रोज निर्गुडीचा पाला वाटून तिच्या पंज्याला लावायची, ओंजळीतून कण्या भरवायची. पाला वाळून गळून जायचा आणि शेंदरी पुन्हा एक पाय पोटाशी घेऊन उभी.

तशात आखाडाचा शेवटचा रविवार जवळ आला. मग श्रावण लागणार, महिनाभर कुणाच्या चुलीवर कोंबडी चढणार नाही. म्हणून त्या रविवारी वाडीत घरोघरी रस्सा शिजतो आणि पाहुणे येतात. येसूचा मामाही येणार होता. येसूची आई दुष्ट नव्हती, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही उगाच तिच्यावर डोळे वटाराल. पण भाऊ वर्षातून एकदा यायचा आणि त्याच्या ताटात काय वाढायचं, याचा तिला घोर लागला होता.

"आयतवारी तुजा मामा येतोय," आई म्हणाली. "शेंदरी अंडं देईना, तिला धड चालवंना. तिचं हाल बघवत न्हाईत गं. त्या दिशी सुटंल बिचारी."

येसू टोपली घेऊन रानात गेली. तो बुधवार होता.

रानात पावसानं सगळं धुऊन ठेवलं होतं. पोपटी गवत, काळेभोर खडक, आणि निर्गुडीच्या पायथ्याशी रानहळदीचे गुलाबी तुरे. येसू पाला खुडता खुडता रडत होती. एवढ्यात एक तुरा आतून उजळला आणि त्यातून बोटभर उंचीची एक चिमुकली परी बाहेर आली. चतुराच्या पंखांसारखे तिचे पंख होते, त्यांच्यावर निळे-जांभळे कण चमकत होते.

परीनं तिला नावानं हाक मारली. रोज रडत येतेस, तरी शेंडा ओरबाडत नाहीस, लागेल तेवढंच खुडतेस, असं म्हणाली. मग तिनं एक मागणं मागायला सांगितलं.

"माझ्या शेंदरीचं दुखणं जाऊ दे," येसू म्हणाली.

परी गंभीर झाली. "ऐक बाळ, यात नियम आहे. दुखणं नाहीसं करणं माझ्या हातात नाही. ते एकाच्या अंगातून काढून दुसऱ्याच्या अंगात ठेवता येतं, एवढंच. आणि दुखणं गेलं म्हणून दुखण्याचं कारण जात नाही. सांग, कुणाला देऊ?"

येसूनं क्षणभर विचार केला. मग तिनं आपला डावा पाय पुढे केला.

घरी येईपर्यंत तिला चार वेळा बसावं लागलं. अंगणात मात्र शेंदरी तुरुतुरु धावत होती. संध्याकाळी आईनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. चालायला लागली म्हणजे अंडंही देईल, राहू दे तिला, मामाला काहीतरी दुसरं करू, असं ती म्हणाली. तू का लंगडतेस, असं विचारल्यावर येसूनं काटा मोडल्याचं सांगितलं.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. येसूचा पाय ठणकत राहिला आणि हळूहळू तिच्या एक गोष्ट लक्षात आली. दुखत होतं ते पंज्यात नव्हतंच. ते घोट्याच्या वर होतं, बारीक जागेत, कुणीतरी गच्च आवळून धरल्यासारखं. ती इतके दिवस पाला लावत होती ती जागाच चुकीची होती.

शनिवारी सकाळी तिनं शेंदरीला मांडीवर घेतलं आणि पायावरचा चिखल धुतला. पंज्याची एक नखी काळी पडली होती. घोट्यावर कातडी फुगली होती आणि त्या फुगीत निळा दोरा रुतून बसला होता.

त्या वाडीत पिल्लं एकमेकांत मिसळतात, म्हणून प्रत्येक घर आपापल्या रंगाचा दोरा पिल्लाच्या पायाला बांधतं. येसूच्या घराचा रंग निळा. पिल्लू वाढलं की दोरा सैल करायचा असतो. आईनं तिला तसं बजावलंही होतं आणि येसू खेळाच्या नादात साफ विसरली होती.

आता ती रडली नाही. तिला भीती वाटली. आईला सांगावं, तर शेंदरीचा पाय अजून बिघडलेलाच आहे हे कळणार आणि उद्या रविवार. न सांगावं, तर तो चिमुकला पाय सडून जाणार, आणि ज्या कोंबडीला दुखतच नाही ती ओरडणार तरी कशी? दोरा इतका खोल होता की एकटीच्या हातानं निघणार नव्हता.

ती लंगडत आईपाशी गेली. "आई, ही बरी न्हाई झाली. दोरा मीच बांधला व्हता आन् सोडायचा इसरले. तिला कापायची तर काप, पर आधी तेवढा दोरा काढ."

आई उठली, तिनं सुई आणली, ब्लेड आणलं. येसूनं शेंदरीला पोटाशी धरलं. आईनं सुईच्या टोकानं दोरा अलगद उचलून कापला आणि जखमेत हळद भरली. दोरा तुटला त्याच क्षणी येसूच्या पायातली कळ गेली.

"एक नखी जाईल तिची," आई म्हणाली. "जगंल मात्र. मामाला पिठलं घालू."

संध्याकाळी अंगणातली कर्दळ आतून उजळली आणि पानावर परी उभी राहिली. तिनं येसूच्या तळव्याला आपलं इवलंसं बोट लावलं.

"दुखणं मी फक्त हलवलं होतं. घालवलंस तू," ती म्हणाली. "आता ज्याच्यावर हात ठेवशील, त्याला नेमकं कुठं दुखतंय ते तुझ्या हाताला कळेल. नियम एकच. कळल्यावर पाठ फिरवायची नाही."

केशरी, मग पिवळा, मग पांढराशुभ्र असा उजेड अंगणभर पसरला आणि विझला तेव्हा पानावर फक्त पाण्याचे थेंब होते.

आई उंबऱ्यावर कंबर धरून बसली होती. येसूनं तिच्या पाठीवर हात ठेवला. कंबर दुखत होतीच, पण हात तिथं थांबेना. तो आपोआप वर सरकला आणि काळजाच्या मागे येऊन थांबला. शेंदरीला कापायचं बोलली, त्या बुधवारपासून आईला तिथं दुखत होतं.

"आई," येसू म्हणाली, "मला तुजा राग न्हाई आला गं."

आईनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. ती बराच वेळ रडली. येसूनं हात काढला नाही.